आधी शिक्षक आणि चिकित्सालय, मग प्रवेश : पशुवैद्यकीय शिक्षणाविषयी एक खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अध्यक्ष, भारतीय पशुवैद्यक परिषद, नवी दिल्ली
मा. कुलगुरू, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर

महोदय,

२०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने बारामती आणि परळी येथे नवी पशुवैद्यकीय महाविद्यालये स्थापन करण्यास मंजुरी दिली. मुंबईतील परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील जुनी महाविद्यालये आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्था यांच्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या या राज्यात पशुवैद्यकांची संख्या वाढली पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु महाविद्यालय मंजूर करणे, त्यासाठी जागा शोधणे, इमारतीचे भूमिपूजन करणे आणि मग प्रवेश सुरू झाल्यावर शिक्षक व रुग्ण जनावरे कोठून आणायची याचा विचार करणे, असा जो क्रम आपल्याकडे रूढ होत चालला आहे, तो मान्य करून गप्प बसणे मला शक्य नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझी बहुतेक नोकरी जिल्हा परिषदेच्या श्रेणी-१ दवाखान्यांत गेली आणि शेवटची काही वर्षे मी तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात होतो. तेथे दरवर्षी आंतरवासितेसाठी (इंटर्नशिपसाठी) विद्यार्थी येत, आणि साडेचार वर्षे शिकून आलेल्या मुलांना नेमके काय येते आणि काय येत नाही, हे मला रोज समोर दिसे. आता निवृत्तीनंतर घरच्या गोठ्यातल्या गायींसाठी मीच तरुण डॉक्टरांना फोन करतो. पदवी देणाऱ्या व्यवस्थेची मी आता दावणीच्या बाजूने पाहणी करतो आहे, असे म्हटले तरी चालेल.

ज्या वाचकांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या देशात जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ या कायद्याने ठरवून दिला आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, त्यानंतर नीट परीक्षेचे गुण, मग बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. ही पशुवैद्यकाची पदवी आणि शेवटी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी, असा हा मार्ग आहे. महाविद्यालयातील १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद देशपातळीवर भरते, उरलेल्या राज्याच्या प्रक्रियेतून भरल्या जातात. परिषदेच्या २०१६ च्या विनियमांनुसार हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे : साडेचार वर्षे अध्यापन आणि पूर्ण एक वर्ष आंतरवासिता. याच विनियमांनी प्रत्येक महाविद्यालयाला चालते चिकित्सालय संकुल आणि स्वतःचे पशुधन प्रक्षेत्र (जनावरांचा फार्म) असणे बंधनकारक केले आहे. म्हणजे मी जे मागणार आहे त्यातले बरेचसे नवे नाही. ते आपणच कागदावर लिहून ठेवलेले आहे.

माझा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप शिक्षकांविषयी आहे. इमारत दोन वर्षांत उभी राहते, शिक्षक राहत नाही. सहायक प्राध्यापक व्हायचे तर पदवीची साडेपाच आणि पदव्युत्तर शिक्षणाची दोन, अशी किमान साडेसात वर्षे लागतात, पीएच. डी. धरली तर साडेदहा. शल्यचिकित्सा, प्रसूतिशास्त्र किंवा विकृतिशास्त्र यांचा चांगला प्राध्यापक व्हायला त्यापुढे आणखी काही वर्षे रुग्ण जनावरांच्या सहवासात काढावी लागतात. ही माणसे आज विद्यापीठाच्या जुन्या महाविद्यालयांतही पुरेशी नाहीत, हे आपल्या तिघांच्याही कार्यालयांना माहीत आहे. नियमित भरती लांबत जाते, निवृत्त झालेल्यांची पदे रिकामी राहतात आणि अध्यापनाचा भार कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरील तरुणांवर पडतो, ज्यांना पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही याची खात्री नसते. अशा स्थितीत नवे महाविद्यालय उघडले की त्याचे शिक्षक जुन्या महाविद्यालयातूनच उचलावे लागतात, आणि एकाच्या जागी दोन अर्धवट महाविद्यालये तयार होतात. तपासणी पथक येणार असले की कागदोपत्री माणसे इकडून तिकडे फिरवण्याची चलाखी वैद्यकीय शिक्षणाच्या क्षेत्रात सर्वांनी ऐकलेली आहे. आमच्या क्षेत्रात ती रुजू नये, एवढी काळजी परिषदेने तरी घ्यावी.

दुसरा आक्षेप रुग्णांविषयी आहे, आणि याबद्दल मला अधिक सविस्तर लिहावे लागेल, कारण मंत्रालयातील फायलीत हा विषय दिसत नाही.

गाय गाभण आहे की नाही हे हात घालून ओळखणे ही ग्रामीण पशुवैद्यकाची रोजची गरज आहे. पाठ्यपुस्तकात त्याला फार पाने लागत नाहीत. प्रत्यक्षात खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून, शेण बाहेर काढून, गुदाशयाच्या भिंतीतून बोटांनी गर्भाशयाची दोन्ही शिंगे चाचपावी लागतात. दोन महिन्यांच्या गाभण गायीत एक शिंग दुसऱ्यापेक्षा किंचित मोठे आणि पाणी भरल्यासारखे लागते. पण पू भरलेले गर्भाशयही नवशिक्या बोटांना जवळपास तसेच लागते. त्यातला फरक शिक्षक शब्दांत सांगू शकत नाही. आधी त्याने तपासायचे, मग विद्यार्थ्याने त्याच गायीत हात घालून आपल्याला काय लागले ते सांगायचे, आणि चुकले तर पुन्हा तपासायचे, हीच याची पद्धत आहे. आता खोड्यात एकच गाय उभी आहे आणि मागे वीस-पंचवीस विद्यार्थी रांगेत आहेत, अशी कल्पना करा. तिसऱ्या-चौथ्या हातानंतर गाय कुंथू लागते, हातमोज्याला रक्त लागते आणि तपासणी थांबवावी लागते. थांबवलीच पाहिजे, कारण त्या मुक्या जनावराला अभ्यासक्रमाशी काही देणेघेणे नाही. रांगेतले उरलेले विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या वहीत ते 'पूर्ण' असे लिहून पुढच्या सत्रात जातात. माझ्याकडे आलेल्या आंतरवासितांपैकी काही जण विलक्षण हुशार होते, औषधांची मात्रा तोंडपाठ सांगत. पण आपण स्वतः निदान केलेली गाभण गाय त्यांच्या आठवणीत बोटांवर मोजण्याइतकीच असे. यात दोष मुलांचा नव्हता.

चिकित्सालय संकुलात मोठी जनावरे येतच नाहीत, हे याचे मूळ कारण आहे. शहर वाढत महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत पोहोचले की गोठे दूर जातात. बसलेली म्हैस टेम्पोत घालून चाळीस किलोमीटरवर नेण्याइतके पैसे आणि वेळ पशुपालकाकडे नसतो. मग रुग्णनोंदवहीत कुत्री-मांजरे वाढतात. त्यांच्यावरील उपचारही शिकायलाच हवेत, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण लाळ्या खुरकूत, घटसर्प, फऱ्या, गोचीड ताप, कासदाह, अडलेले वेत आणि अडकलेली वार ही नावे ज्याने फक्त वर्गात ऐकली, त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात घाम फुटतो. यावर फिरत्या चिकित्सालयाची गाडी हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे : शिक्षक आणि सहा-सात विद्यार्थी रोज गावांत जातात, गोठ्यातच उपचार करतात, परत येऊन चर्चा करतात. त्यासाठी गाडी, चालक, डिझेल आणि औषधे यांची नियमित तरतूद लागते. ती आधी ठेवा.

परळच्या महाविद्यालयाचा इतिहास या बाबतीत आपल्याला काही सांगतो. तेथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आधी उभे राहिले आणि त्याला जोडून १८८६ साली ब्रिटिश पशुवैद्यक जे. एच. स्टील यांच्या नेतृत्वाखाली महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालय आधी, विद्यार्थी नंतर. जे एकोणिसाव्या शतकात देणगीच्या पैशावर जमले, ते आज राज्याच्या अर्थसंकल्पातून जमू नये, असे मानायला मी तयार नाही.

तिसरी तक्रार आंतरवासितेच्या वर्षाविषयी आहे. हे वर्ष अभ्यासक्रमात घातले गेले तेव्हा आम्हा जुन्या लोकांना फार समाधान वाटले होते. प्रत्यक्षात त्या वर्षाची किंमत विद्यार्थ्याला कोणता दवाखाना मिळतो आणि तेथील अधिकाऱ्याला शिकवण्याची हौस आहे की नाही यावर अवलंबून राहते. ज्या अधिकाऱ्याकडे स्वतःच्या दवाखान्याबरोबर आणखी दोन-तीन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार आहे, तो लसीकरणाचे अहवाल भरणार की आंतरवासिताला शिरेतून सलाईन कशी लावावी हे शिकवणार? २०२२ साली जनावरांमध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा याच आंतरवासितांना लसीकरणाच्या कामाला लावण्यात आले आणि त्यांनी ते चोख केले. साथ ओसरल्यावर मात्र त्यांचे विद्यावेतन, त्यांचा प्रवासखर्च आणि त्यांची राहण्याची सोय हे विषय पुन्हा निवेदनांच्या गठ्ठ्यात गेले. अलीकडच्या तुकड्यांत मुलींची संख्या बरीच वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कित्येक दवाखान्यांत वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह नाही आणि मुक्कामाला खोली नाही. रात्री अडलेली गाय सोडवायला जाण्याचा अनुभव मुलींना मिळत नाही तो त्यांच्या इच्छेअभावी नाही, व्यवस्थेअभावी.

नीटविषयी थोडेसे. ही परीक्षा रद्द करा असे मी म्हणणार नाही. गुणवत्तेची एक देशव्यापी चाळणी असण्यात गैर काही नाही. पण एम. बी. बी. एस. न मिळाल्याने येथे आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षात पुन्हा नीट देतो, जमले तर निघून जातो, आणि ती जागा पुढची सगळी वर्षे रिकामी राहते. महाविद्यालये वाढवण्याआधी या गळतीचा हिशेब तरी जाहीर व्हावा.

चौथा मुद्दा नाजूक आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंनी मोर्चे निघालेले आहेत, म्हणून जपून लिहितो. १९८४ च्या कायद्याच्या कलम ३० नुसार पशुवैद्यक म्हणून व्यवसाय फक्त नोंदणीकृत पदवीधराला करता येतो. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि राज्य शासन अधिसूचनेने ठरवील त्या किरकोळ सेवा देता येतात, पण नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. माझ्या नोकरीत मी असे पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक पाहिले आहेत ज्यांच्यामुळे डोंगराळ भागातली जनावरे वाचली. त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही. माझा प्रश्न देखरेखीचा आहे. पर्यवेक्षक चालवतात त्या श्रेणी-२ दवाखान्यावर देखरेख करणारा पशुवैद्यक जर पदच रिक्त असल्यामुळे अस्तित्वात नसेल, तर कायदा कोण पाळते आहे? शासन की पर्यवेक्षक?

या पोकळीत मग तिसराच माणूस शिरतो. राष्ट्रीय गोकुळ अभियानात कृत्रिम रेतनासाठी 'मैत्री' तंत्रज्ञ तयार केले जातात. त्यांचे प्रशिक्षण तीन महिन्यांचे असते आणि ते मुख्यतः रेतनापुरते असते. काही जण त्या मर्यादेत उत्तम काम करतात, काही जण लवकरच बॅगेत प्रतिजैविके आणि कॅल्शियमच्या बाटल्या बाळगू लागतात. माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावात नुकतीच व्यायलेली संकरित गाय बसली होती. मान पोटाकडे वळलेली, कान गार, म्हणजे रक्तातील कॅल्शियम उतरल्याची ठळक लक्षणे. निदान त्या अल्पप्रशिक्षित तरुणानेही बरोबर केले, बाटलीही योग्य आणली. मात्र कॅल्शियम शिरेतून सोडताना ते संथपणे सोडायचे, एकीकडे हृदयाचे ठोके ऐकत राहायचे आणि ठोका चुकू लागला की थांबायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. त्याने बाटली उंच धरून घाईने रिकामी केली आणि गाय जागेवर गेली. त्या घरचे दुधाचे उत्पन्न त्या एका गायीवर चालत होते. मी पोहोचलो तेव्हा शवविच्छेदन करण्यापलीकडे काही उरले नव्हते, आणि तो तरुण पळून न जाता तेथेच डोके धरून बसला होता, हेही सांगितले पाहिजे.

औषधांचे ज्ञान हे केवळ त्या एका जनावरापुरते नसते. गिधाडांच्या मुळावर आलेल्या डायक्लोफिनॅकचा जनावरांसाठीचा वापर २००६ साली बंद करावा लागला. त्यानंतरही माणसांसाठीच्या बाटल्या गोठ्यांत वापरल्या जात राहिल्या. प्रतिजैविक दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालू नये, हे पशुपालकाला कोणी सांगितले नाही तर ते दूध आपल्या सर्वांच्या घरी येते. औषधनिर्माण व विषशास्त्र, सार्वजनिक आरोग्य हे विषय पदवीच्या अभ्यासक्रमात त्यासाठीच आहेत.

आता गरजेचा आकडा पाहू. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली दर ५,००० गोवर्गीय घटकांमागे (एक गाय, बैल किंवा म्हैस म्हणजे एक घटक) एक पशुवैद्यक असावा अशी शिफारस केली होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गायी-बैल आणि ५६ लाख म्हशी आहेत. शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि शहरांतले पाळीव प्राणी बाजूला ठेवले, तरी एवढ्या हिशेबाने ३,९०० च्या आसपास पशुवैद्यक केवळ गोठ्यांसाठी हवेत. २०२५ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या, म्हणजे शासकीय पशुवैद्यकांच्या, २,७९५ पदांची जाहिरात काढली, याचे मी स्वागत करतो. परंतु एकाच जाहिरातीत एवढी पदे येतात, याचा दुसरा अर्थ असा की ती वर्षानुवर्षे भरलीच गेली नव्हती, आणि त्या काळात पदवी घेतलेली मुले औषध कंपन्यांत, पशुखाद्याच्या विक्रीत, बँकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत गेली. पदवीधर कमी होते म्हणून पदे रिकामी होती, असे म्हणून नव्या महाविद्यालयांचे समर्थन करता येणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्टपणे मांडतो.

नव्या कोणत्याही महाविद्यालयात, मग ते शासकीय असो वा उद्या कोणाच्या आग्रहाने येणारे खासगी, त्याचे चिकित्सालय संकुल आणि पशुधन प्रक्षेत्र प्रत्यक्ष चालू झाल्याशिवाय आणि पहिल्या दोन वर्षांच्या विषयांचे नियमित शिक्षक नेमले गेल्याशिवाय पहिल्या वर्षाचे प्रवेश देऊ नयेत. ही अट भारतीय पशुवैद्यक परिषदेने कोणासाठीही शिथिल करू नये. नव्या महाविद्यालयासाठी जुन्या महाविद्यालयांतून शिक्षक हलवायचे असतील, तर जुन्या जागी बदली नियुक्ती झाल्यावरच हलवावेत.

विद्यापीठातील रिक्त अध्यापक पदे भरण्याचा कार्यक्रम तारखांसह जाहीर करावा, आणि पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना असे मानधन द्यावे की घरची परिस्थिती बेताची असलेला हुशार मुलगा किंवा मुलगी अध्यापनाकडे वळू शकेल.

प्रत्येक महाविद्यालयाला फिरत्या चिकित्सालयाच्या किमान दोन गाड्या आणि त्यांचा चालू खर्च अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली द्यावा. १९६२ या दूरध्वनी मदत क्रमांकावर चालणारी पशुवैद्यकीय फिरती पथके गावोगाव जातातच; त्यांच्यासोबत शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पाठवण्याची व्यवस्था लावली तर खर्चही फारसा वाढणार नाही.

आंतरवासितेसाठी निवडक दवाखाने निश्चित करावेत. तेथे अतिरिक्त कार्यभार नसलेला अधिकारी, एक खोली आणि स्वच्छतागृह असावे. विद्यावेतन दरमहा वेळेवर द्यावे आणि वैद्यकीय आंतरवासितांच्या विद्यावेतनात वाढ होईल तेव्हा यांच्याही विद्यावेतनाचा आपोआप विचार व्हावा. वर्षाअखेरीचे प्रमाणपत्र हजेरीवर न देता विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने केलेल्या गर्भतपासण्या, प्रसूती, शस्त्रक्रिया आणि शवविच्छेदने यांच्या नोंदीवर द्यावे, आणि त्यातील काही कामे बाहेरच्या परीक्षकासमोर करून दाखवावी लागावीत.

पशुधन विकास अधिकाऱ्यांची भरती दरवर्षी व्हावी. कोणत्या श्रेणी-२ दवाखान्यावर कोणत्या नोंदणीकृत पशुवैद्यकाची देखरेख आहे, त्याचे नाव त्या दवाखान्याच्या दर्शनी फलकावर लावावे.

शेवटची मागणी सर्वांत कमी खर्चाची आहे. दरवर्षी प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाची मंजूर अध्यापक पदे, त्यांपैकी नियमित भरलेली पदे, मागील वर्षी चिकित्सालयात व फिरत्या पथकाने तपासलेल्या मोठ्या आणि लहान जनावरांची संख्या, आणि पहिल्या वर्षी सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांची संख्या विद्यापीठाने व परिषदेने आपापल्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावी. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ यांची ही माहिती देण्यासाठी नव्या इमारतींची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या प्रवेशफेरीपूर्वी ती द्यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी